बाळंतिणीचं सरपण

माल्सुन सारीगोलला सून म्हणून आली तेव्हा तिला सरपणातलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेर सामचोकचं, समुद्रकाठचं. मासळी उन्हात कशी पसरायची, फाटलेलं जाळं कसं सांधायचं, बोट परतायला उशीर झाला तर आईच्या तोंडाकडे न बघता काम कसं करत राहायचं, हे सगळं तिला यायचं. चूल मात्र आईची आणि तीन थोरल्या बहिणींची. माल्सुन चौथी. तिच्या पाठीवर आणखी पोरगी नको म्हणून बापानं नावच तसं ठेवलं होतं. माल्सुन म्हणजे शेवटची. देवाला नीट कळावं म्हणून.

सारीगोल डोंगरात, आणि इतकं आत की हिवाळ्यात खिंड बर्फानं बुजली की पोस्टमनसुद्धा तिकडे फिरकत नसे. नवरा तेहो खिंडीपलीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. लग्नाचे कपडे पेटीत जातात न जातात तोच तो खाणीवर परतला, आणि माल्सुन सासू-सासऱ्यांपाशी राहिली.

घर लहानसं. एका अंगाला स्वयंपाकघर आणि त्याला लागून म्हाताऱ्यांची खोली, मधे उघडा लाकडी ओटा, दुसऱ्या अंगाला सुनेची खोली. म्हाताऱ्यांची खोली स्वयंपाकाच्या चुलीवर तापायची. सुनेच्या खोलीची चूल वेगळी, मागच्या भिंतीला, घराबाहेर, वळचणीखाली. तिथे जाळ घातला की तो खोलीच्या जमिनीखालच्या बोळांतून फिरायचा, दगड तापवायचा आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. झोपायचं त्या तापल्या जमिनीवरच. लाकूड चांगलं असलं तर पहाटेपर्यंत ऊब टिके. वाईट असलं तर मध्येच दात वाजायला लागत.

सासरे हाम दुमान. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. त्यातून सुनेशी थेट बोलायचं नाही अशी त्या घरची रीत. सांगायचं ते सासूच्या मार्फत, सून समोर बसलेली असली तरी.

"तिला सांग, चुलीत फाटी कोंबू नको. वारा जायला जागा ठेव."

"तिला कान आहेत की," सासू म्हणायची. तिला गावात होंगचनवाली म्हणत. चाळीस वर्षं या गावात काढली तरी बाईचं नाव माहेरच्या गावावरूनच पडायचं. "मी काय दोघांच्या मधला टेलिफोन आहे?"

तरी रीत ती रीत.

आल्यावर थोड्याच दिवसांत माल्सुननं पराक्रम केला. भिंतीला टेकून काही फाटी वेगळी ठेवलेली होती. सरळ, हलकी, आतून पिवळीधमक. ढिगातल्या वेड्यावाकड्या गाठाळ लाकडांपेक्षा ती तिला फार आवडली. तिनं ती उचलली आणि स्वयंपाकाच्या चुलीत घातली. छान पेटली. मक्याच्या कण्यांचा भात झाला, बटाटे झाले, सगळे जेवून झोपले.

सकाळी माल्सुनचे डोळे उघडेनात. तोंड सुजून ढोल झालेलं, मानेवर, हातांवर पुरळ. सासूबाईंचं नाक केवढं तरी झालेलं, आणि त्या दोन्ही हातांनी पाठ खाजवत अंगणात नाचत होत्या.

"अगं बये, काय जाळलंस? काय जाळलंस तू चुलीत?"

ती फाटी रोगणाच्या झाडाची होती. बिब्ब्यासारखा उततो त्याचा चीक, आणि जाळलं तर धूरसुद्धा उततो. सासऱ्यांनी ती औषध म्हणून कोंबडीच्या कढणात उकळायला ठेवली होती. त्यांना स्वतःला या झाडाचं काही होत नसे. ते ओट्यावर बसून एकदा बायकोकडे बघत होते, एकदा सुनेकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लग्न होऊन आल्यापासून माल्सुननं त्यांना हसताना प्रथमच पाहिलं, तेही एका डोळ्याच्या फटीतून.

"हसताय काय! सामचोकवरून सून आणलीत की सूड उगवायला कोणी पाठवलीय?" सासूबाई ओरडल्या.

"तिला सांग," सासरे हसू आवरत म्हणाले, "चूक माझी. असलं लाकूड बाकीच्या सरपणाजवळ ठेवायचंच नसतं."

दुपारी माल्सुनच्या दाराशी चेस्टनटच्या पानांचा काढा भरलेलं भांडं होतं. पुरळावर लावायला. कोणी ठेवलं ते तिनं विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र सांगितलंच, "माझ्यासाठी एवढंसं केलंय आणि तुझ्यासाठी भांडंभर. बघून ठेव."

त्यानंतर रोज सकाळी चुलीपाशी लाकडं मांडलेली असायची, एकाशेजारी एक, ज्या क्रमानं घालायची त्या क्रमानं. आधी बर्चची साल, ओली असली तरी पेटणारी. मग पाइनच्या बारीक काटक्या. मग थोडं पाइन, जाळ धरायला. पण थोडंच, कारण पाइनची काजळी धुराच्या बोळात बसते आणि मग वर्षानं सगळी जमीन उकरावी लागते. शेवटी जाड लाकूड. कोणी शिकवत नव्हतं, पण शिकायला होत होतं. दोन फाटी एकमेकांवर आपटली आणि खणकन वाजली तर वाळलेली, थप्प वाजली तर ओली. टोकाला चिरा पडल्या असतील तर घ्यायचं. हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा जड लागलं तर आणखी एक हिवाळा थांबायचं. चेस्टनट फटाक्यासारखं उडतं, त्याच्यापुढे घागरा सांभाळून बसायचं. आणि पॉप्लर?

"पॉप्लर म्हणजे आमचे धाकटे जावई," सासूबाई म्हणाल्या. "पेटत पण नाहीत, विझत पण नाहीत, नुसता धूर."

काही दिवसांनी माल्सुननं लाकडं स्वतःच निवडून चूल लावली. संध्याकाळी सासरे आपल्या खोलीत आले, बसले, आणि जमिनीवर तळहात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ऊब पोचायला जीव जातो, तिथे जाऊन हात ठेवला.

"आज चूल कोणी लावली?"

"तुमच्या सुनेनं," सासूबाई म्हणाल्या.

"हं," सासरे म्हणाले.

त्यांच्या "हं"चे पुष्कळ प्रकार होते. हा कुठला ते माल्सुनला कळायला वेळ लागला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी पुन्हा घासायला लागली.

एका लाकडाला मात्र कोणी हात लावायचा नव्हता. माल्सुन सून होऊन आली त्याच शरदात मोठं वादळ झालं होतं आणि वरच्या सरकारी डोंगरावर एक जुना ओक मुळासकट आडवा झाला होता. लढाईत आणि नंतरच्या थंडीत लोकांनी आसपासचे डोंगर पार बोडके करून टाकले होते, म्हणून आता सरकारचा कडक कायदा होता. उभं झाड तोडायचं नाही, आणि पडलेलं उचलायलाही परवानगी पाहिजे. परवानगी काढायला तालुक्याला जावं लागे. दुमान तालुक्याला गेले नाहीत. ते कुऱ्हाड, करवत आणि पाठीला बांधायची लाकडी घोडी, तिला ते जिगे म्हणत, एवढं घेऊन रोज पहाटे डोंगरावर जात आणि झाडाचा एकेक तुकडा पाठीवरून खाली आणत. मग फोडून, साल बाहेरच्या बाजूला ठेवून, मागच्या वळचणीखाली, सुनेच्या खोलीच्या भिंतीला लागून त्यांनी त्याची थप्पी लावली. थप्पी भिंतीसारखी सरळ. वरून गवताची झडप.

"तिला सांग, याला हात लावायचा नाही. तूही लावायचा नाहीस."

"कशाला ठेवलंय एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाळायला."

"वाळल्यावर?"

"हं."

सासूबाईंनी माल्सुनला बाजूला घेऊन आपला तर्क सांगितला. "म्हाताऱ्यानं स्वतःच्या मयताची सोय केलीय. लोक जमतील, मोठ्या कढया चढतील. मेल्यावरही माझ्यावर भरवसा नाही."

पहिला हिवाळा गेला. खिंड उघडली तसा तेहो सुट्टीला येऊन गेला. ओकला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली तेव्हा माल्सुनला दिवस गेलेले सगळ्या गावाला दिसत होते. पोट टोकदार आहे म्हणजे मुलगाच, असं शेजारणींनी ठरवून टाकलं. सासूबाई लाल मिरच्या निवडून, पुसून, दोऱ्यात ओवून बसल्या. मुलगा झाला की दारावर गवताची दोरी बांधतात आणि तिच्यात लाल मिरच्या खोवतात. मुलगी झाली तर कोळसा आणि पाइनच्या हिरव्या डहाळ्या. कोळसा काय, कुठल्याही चुलीत मिळतो, त्याची तयारी कोण करतो?

ऐन थंडीत खिंड बुजली. तेहो पलीकडे अडकला. आणि एका सकाळी, बाहेर बर्फ भुरभुरत असताना, माल्सुन बाळंत झाली. मुलगी झाली.

सासूबाईंनी सगळं नीट केलं. नाळ कापली, बाळ पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, सामचोकहून आलेल्या सुक्या समुद्रशेवाळाचं कढण केलं. फक्त बोलल्या काही नाहीत. ज्या बाईला वाटेत कुत्रं दिसलं तरी त्याच्याशी बोलल्याशिवाय राहवत नसे, ती बाई गप्प होती. माल्सुन भिंतीकडे तोंड करून पडली. शेवटची, तिच्या मनात येत होतं. देवाला नाव कळलं नाही. पुन्हा एकदा सांगावं लागणार.

बाळाच्या केसांत तिचे अश्रू पडत होते तेव्हा भिंतीपलीकडे आवाज झाला. गवताची झडप ओढल्याचा. मग लाकडावर लाकूड आपटल्याचा. खणकन.

मागोमाग सासूबाईंची वाचा परत आली. "अहो! ते काय काढताय? ते ओक? पोरगी झालीय, ऐकलं नाही का? पोरीसाठी ते लाकूड?"

"मुलगी आहे म्हणून जमीन कमी गार असते का?" सासरे म्हणाले.

"पण तुम्ही ते..."

"मी ते बाळंतिणीसाठी ठेवलं होतं. सून आली त्या दिवशी कधी ना कधी बाळंतीण होणार, एवढं मला कळत होतं. बाळ कोण येणार ते कळत नव्हतं, आणि लाकडालाही ते कळत नाही. सरक, वारा येतोय."

सासूबाई पाय आपटत गेल्याचं माल्सुनला ऐकू आलं. मग बर्चची साल पेटल्याचा बारीक आवाज, आणि मग काहीच नाही. चांगलं वाळलेलं ओक आवाज करत नाही. तडतडत नाही, फुसफुसत नाही. ते नुसतं जळतं, आणि खूप वेळ जळतं. थोड्या वेळानं तिच्या पाठीखालचा दगड कोमट झाला. मग गरम. कंबरेतली कळ, जी दाताखाली धरून ती पडली होती, ती हळूहळू सैल पडायला लागली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, अगदी तिच्या डोक्याच्या उंचीवर, सासऱ्यांचा आवाज आला. ते चुलीपुढे उकिडवे बसलेले असणार.

"सूनबाई."

माल्सुन दचकली. पहिल्यांदाच त्यांनी तिला थेट हाक मारली होती.

"जी, मामंजी."

"तू आहेस तिथून जरा दाराकडे सरक. तुझ्या खालून मोठा बोळ जातो, फार तापेल. पोरीला खिडकीच्या बाजूला ठेव. तिथे बेताचं असतं."

ती सरकली. बाळाला उचलून खिडकीच्या बाजूला ठेवलं.

"ठेवलं?"

"जी."

"रडू नको. बाळंतिणीनं रडलं की म्हातारपणी डोळे जातात. हिचं सगळं खरं नसतं, पण हे खरं आहे." हिचं म्हणजे सासूबाईंचं.

माल्सुनला रडता रडता हसू फुटलं, आणि टाके नसले तरी हसताना फार दुखलं.

दारावर दोरी सासऱ्यांनीच वळून बांधली. कोळसा, पाइन, कोळसा, पाइन. एकवीस दिवस ती दोरी ओलांडून परक्या माणसानं आत यायचं नाही. तितके दिवस मागच्या चुलीत ओकच जळत राहिलं. म्हातारा सकाळ-संध्याकाळ तिथेच. कधी भिंतीतून विचारायचा, "दूध पुरतंय?" कधी सांगायचा, "आज बाहेर लांडग्याचे ठसे होते," आणि मग जणू फार बोललो अशा भीतीनं उठून जायचा.

असंच एके दिवशी दुपारी दाराशी परका आवाज आला. खिंडीअलीकडच्या चौकीवरचा फॉरेस्टवाला मिन होता. गावातल्या कुणीतरी चुगली केली असणार. खांद्यावर पिशवी, टोपीवर बर्फ, आणि दोरीपाशी येऊन थबकलेला. माल्सुन आतून कान देऊन ऐकत होती. मागच्या चुलीपाशी सासऱ्यांची हालचाल थांबली होती.

"घरात कोण आहे?" मिननं हाक दिली. "वरच्या डोंगरावरचा ओक या घरी आलाय असं कळलंय. जरा मागची वळचण बघायची आहे."

आता संपलं, माल्सुनला वाटलं. दंड होईल, लाकूड उचलून नेतील. आणि सासूबाई तर म्हणतीलच, मी आधीच सांगत होते.

सासूबाई घागऱ्याला हात पुसत ओट्यावर आल्या.

"डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आहेत की, काकू."

"मग दोरी दिसत नाही? लेकरू झालंय आमच्याकडे!"

"दिसते. पण मी मागच्या बाजूनं..."

"मागची बाजू काय, पुढची बाजू काय, घर एकच! तुम्ही हिवाळाभर जंगलातनं हिंडता, कुठल्या मेल्या जनावरावरनं येता, कुठल्या मयताच्या दारावरनं येता, आणि माझ्या नातीच्या अंगावर ते सगळं आणून सोडणार? एक पाऊल आत टाका, मग बघा!"

माझ्या नातीच्या. माल्सुननं ते ऐकलं. बाळ दूध पीत होतं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "ऐकलंस? तुझी आजी."

मिन गडबडला. तो तसा वाईट माणूस नव्हता. "अहो काकू, पण मला काम..."

"कामाला कोण नको म्हणतंय? दोरी उतरली की या. जेवायलाच या."

मिननं दोरीकडे पाहिलं. धुराड्याकडे पाहिलं. तिथून धूर असा निघतच नव्हता, नुसती हवा थरथरत होती. चांगलं लाकूड जळतंय हे फॉरेस्टवाल्याला कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं. "मुलगी का?" त्यानं विचारलं.

"मुलगी. काय म्हणणं आहे?"

"काही नाही. मला तीन आहेत," मिन म्हणाला, आणि बर्फ झाडत निघून गेला.

संध्याकाळी सासूबाई स्वतः मागच्या चुलीपाशी गेल्या. माल्सुनला आतून ऐकू येत होतं.

"ते मोठं फाटं घाला की. ते बाजूला. असं काय चिमूटचिमूट जाळताय? दोरी उतरायच्या आत संपलं पाहिजे सगळं."

"आता पोरीसाठी चालतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"गप्प बसा आणि घाला."

दोरी उतरली त्या दिवशी सासरे स्वच्छ कपडे घालून खोलीत आले. बाळाला उचलताना त्यांनी जाड ओंडका उचलावा तसे पाय फाकवले होते. नाव त्यांनीच ठरवून आणलं होतं. जिंजू. म्हणजे मोती.

"समुद्रात सापडतो म्हणे," ते सुनेला म्हणाले, थेट. "तुझ्या गावाकडचा. मी पाहिलेला नाही."

"हाक मारायला सोपं आहे," सासूबाईंनी निकाल दिला.

मिन खरंच आला. वळचण रिकामी होती, खाली फक्त सालींचा भुगा. त्यानं चुलीतली राख काठीनं ढवळली, बारीक, पांढरी, पिठासारखी. मग ओट्यावर बसला. त्याला बटाटे, किमची आणि गरम कढण वाढलं. जेवून उठताना त्यानं पिशवीतून सुक्या शेवाळाची एक जुडी काढून ठेवली. "बायकोनं दिलीय. बाळंतिणीला." आणि दाराशी वळून म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी परवानगी काढा. पडलेलं झाड असलं तर देतात. मी लिहून देईन."

"हं," दुमान म्हणाले.

पुढच्या वेळी त्यांनी परवानगी काढली. पुढची वेळ म्हणजे दुसरी मुलगी. तेव्हा खिंड बंद व्हायच्या आतच तेहो रजा घेऊन येऊन बसला होता, आणि सासूबाईंनी मिरच्या ओवल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "मिरच्या महाग आहेत." नंतर एक मुलगाही झाला. ओक तिघांच्याही वाट्याला सारखंच आलं.

जिंजू पाच वर्षांची असताना माल्सुनच्या वडिलांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्याकडे साठी मोठी करतात. दुमानना आमंत्रण होतं, आणि सगळ्यांच्या आश्चर्याला पारावार राहिला नाही, कारण ते जातो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसले. नात मांडीवर, टोपी मांडीखाली, उडू नये म्हणून.

सामचोकला पोचल्यावर माल्सुन त्यांना आधी किनाऱ्यावर घेऊन गेली. समुद्र बघून मामंजी काय म्हणतील याची तिला वाटेत उत्सुकता लागून राहिली होती. मामंजींनी समुद्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर खाली आली आणि वाळूवर, लाटांनी आणून टाकलेल्या लाकडांवर स्थिरावली. ते वाकले. एक फाटं उचललं. वास घेतला. दुसरं उचलून त्यावर आपटून पाहिलं. आणि जिभेनं चाटलं.

"मामंजी!"

"मीठ मुरलंय पार आतपर्यंत," ते म्हणाले. "कुठलं झाड असेल गं हे? आपल्याकडचं नाही."

"कुठून कुठून येतं वाहत. जपानहून, कुठून."

"घरच्या चुलीत घालता?"

"नाही. मीठ बोळ खातं म्हणतात. पण जाळ निळा लागतो."

"निळा?"

दुमान वळले. डोंगरातल्या माणसाला जाळाचे सगळे रंग ठाऊक असतात, पण हा ठाऊक नव्हता. त्यांच्या तोंडावर असं काही उमटलं की माल्सुनला आपले सासरे आणि आपली लेक यांच्यात कोण लहान ते सांगता आलं नसतं.

साठीचा गोतावळा घरी वाट बघत होता, मासे तळून गार होत होते, आई दोनदा हाक मारून गेली. आणि इकडे माल्सुनचे वडील, रेशमी अंगरखा घातलेले, आणि हाम दुमान, दोन्ही हात लाकडांनी भरलेले, वाळूत खड्डा करून बसले होते. वडिलांनी तीनदा काडी ओढली, वाऱ्यानं तिन्ही विझवल्या.

"सरका तुम्ही व्याही," दुमान म्हणाले. "सूनबाई, तू लाव. तुला येतं."

माल्सुन गुडघ्यावर बसली. वाळलेल्या शेवाळाचा चुरा खाली, मग काटक्या, मग वाऱ्याला जागा ठेवून एकेक फाटं. जिंजू आजोबांच्या मानेला मिठी मारून वाकून बघत होती. जाळ धरला, पिवळा, नुसता पिवळा. दुमान वाट बघत होते. मग लाकडाच्या कडेनं, आधी अगदी बारीक, निळं लवलवायला लागलं.